मस्कतवरचं कुंकू

"ठाऊक नाही" हे दोन शब्द मौलाचाचांच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते. त्यांनी ते पहिल्यांदा उच्चारले तेव्हा मी तिथे हजर होतो, म्हणून हे सगळं लिहायला बसलो आहे.

मी मूळचा बिद्रीकडचा. महाराजांनी खेड्यापाड्यांतल्या पोरांसाठी कोल्हापुरात बोर्डिंगं काढली नसती, तर मी आज तुमच्यापुढे शहाणपण सांगायला नव्हे, बैलांच्या शेपट्या पिरगाळायला बसलो असतो. बोर्डिंगात राहायचं, कॉलेजात शिकायचं आणि अभ्यासाला त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बसायचं, असा माझा क्रम होता. त्या ग्रंथालयाचे शिपाई मौलाचाचा. डोक्याला जरा तिरका पटका, दाढी मेंदीने रंगवलेली आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सकाळी दार उघडायचं, कपाटं पुसायची, मागेल त्याला पुस्तक काढून द्यायचं आणि वेळ संपली की आम्हाला कोंबड्यांसारखं हुसकून लावायचं, ही त्यांची कामं.

त्यांना मोडी जेमतेम वाचता येई, उर्दू बऱ्यापैकी, इंग्रजी मुळीच नाही. आणि ग्रंथालय तर बहुतेक इंग्रजीच. चाचा पुस्तकं रंगावरून आणि जाडीवरून ओळखत, आणि हमखास चुकत. पण चुकलो म्हणतील तर ते मौलाचाचा कसले? एकदा मी त्रिकोणमितीचं पुस्तक मागितलं. ते दुसऱ्या कुणी आधीच नेलं होतं. चाचांनी मला हत्तींच्या आजारांवरचा एक भला मोठा ग्रंथ आणून दिला.

"अहो चाचा, हे काय?"

"ह्येच्यात बी मापं हायती की. बगा तरी."

मी बघितलं. मापं होती खरी. हत्तीला एरंडेल किती पाजावं, त्याची.

नंतर मी चिडून विचारलं, की पुस्तक नाही तर नाही म्हणून सांगायला काय होतं तुम्हाला? तेव्हा ते मला समजावत म्हणाले, "मास्तर, पाणवठ्यावर आल्यालं माणूस रिकामी घागर घिऊन माघारी जातंय व्हय? मग हितनं तरी मोकळ्या हातानं का जावं?" मी मास्तर तेव्हा झालो नव्हतो. पण चाचांना तेही आधीच ठाऊक होतं.

मिरजेच्या स्टेशनापलीकडे ते कधी गेले नव्हते. तरी लंडनात ट्राम कुठे वळते, हे ते एखाद्याला बिनदिक्कत सांगत. त्यांची बायको हुसेनबी म्हणायची, "ह्या मानसाला अल्लानं विचारलं, कयामत कवा हाय, तर ह्यो वार सांगून मोकळा हुईल." 

युद्ध सुरू झालं आणि चाचांच्या या विद्येला एकदम भाव आला. आमच्या भागातल्या गावागावांतून माणसं पलटणीत गेलेली. त्यांच्या घरच्यांना वर्तमानपत्र वाचता येत नाही, आणि वाचून दाखवणारा गावात असेलच असं नाही. रविवारी बाजाराला आलेली ही माणसं, शेंगा-मिरच्या विकून झाल्या की ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर येऊन बसू लागली. रविवारी ग्रंथालय बंद असे. पण किल्ली चाचांकडे, आणि परीक्षेच्या नावाखाली मला आत बसायला त्यांची मुभा होती. त्या बदल्यात शनिवारी मी त्यांना आठवड्याच्या बातम्या वाचून दाखवायच्या. मी दिलेल्या चार ओळींना तिखटमीठ लावून चाचा रविवारी अर्धा बाजार खिळवून ठेवत. कैसरच्या मिशीचं टोक कुठल्या तोफेने जळलं, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं.

त्या पायऱ्यांवर कोडोलीच्या बायका येत. त्यांच्यात एक होती तानाबाई. वय असेल विशीच्या आसपास, अंगाने काटक, बोलायला कमी. नाकात नथ, नथेत एकच मोती. एका रविवारी सगळे उठून गेले तरी ती खांबापाशी उभी राहिली, आणि तिच्याबरोबर आलेली बनाबाई तिला कोपराने ढोसायला लागली.

शेवटी ती म्हणाली, "चाचा, तुमच्या हितं समदं लिवून ठेवल्यालं असतंय म्हनं. बसरा कुटं हाय, त्ये दावता का?"

बनाबाईने बाकीचं सांगितलं. हिचा नवरा पिराजी पलटणीत. नाव बनाबाईनेच सांगितलं, कारण तानाबाई काही केल्या नवऱ्याचं नाव घेणार नव्हती. पिराजी रजेवर आला होता. पंचमीला ही माहेरी, मलकापूरला झोके खेळायला गेली, आणि इकडे पलटणीचा सांगावा आला की असशील तसा निघ. तो निघाला. ही माहेराहून धावत आली तर घरात सासू एकटी आणि खुंटीवर त्याचा जुना पटका. माणूस लढाईला जायचा, तर त्याला पाटावर बसवायचा, ओवाळायचा, कपाळाला टिळा लावायचा, हातावर दही घालायचं. हिच्या हातून ते राहिलं. सासूने लावला असता टिळा, पण घाईत त्या म्हातारीलाही सुचलं नाही. मग त्याचं एक कार्ड आलं, दुसऱ्या कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. बसऱ्यात हाय, खुशाल हाय, एवढंच.

"ह्यो मोती बसऱ्याचाच हाय म्हनं," तानाबाई नथेला बोट लावून म्हणाली. "म्या म्हटलं, मोती हितवर आला, मंग मानूस का न्हाय यायचा."

बायका तेव्हा ग्रंथालयात येत नसत. तसा काही नियम नव्हता. नियम करावा लागेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. चाचांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दार उघडून दोघींना आत घेतलं. मी बाहेरच्या दालनात पुस्तकात नाक खुपसून बसलो होतो. माझ्याकडे वळून एक शब्द विचारला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण विचारायचं म्हणजे ठाऊक नाही असं कबूल करायचं. ते त्यांच्याच्याने होणार नव्हतं.

आतल्या खोलीत भिंतीवर आशिया खंडाचा मोठा नकाशा होता. मागे कापड, वरून वार्निश. चाचांचा हिशेब सरळ होता. बोट मुंबईहून सुटते, समोर समुद्र, समुद्रापलीकडे जे पहिलं गाव लागेल ते बसरा. त्यांनी एका ठिपक्यावर बोट टेकवलं. "ह्ये बसरा."

"ह्येच?"

"ह्येच की. आनि कोडोली हितं. नकाशात मावली न्हाय, पर हाय हितंच."

तानाबाईने त्या न मावलेल्या कोडोलीवर अंगठा ठेवला आणि करंगळी ताणली. करंगळी थेट ठिपक्यावर पोचली. ती तशीच उभी राहिली, हात ताणलेला. मग म्हणाली, "चाचा, येक वीतच हाय की वो. मग येत का न्हाईत?"

याला चाचांकडे उत्तर तयार होतं. "येतोय की. लढाई संपली की येतोय."

मग तिने कनवटीतून करंडा काढला. आधी बोटाने मेण घेतलं, ते ठिपक्यावर दाबलं आणि त्यावर कुंकू लावलं, जसं रोज सकाळी स्वतःच्या कपाळाला लावायची तसं. सरकारी नकाशा! चाचांचा हात तिला अडवायला पुढे झाला होता, पण तो तसाच मागे आला. "राहिल्याला टिळा हाय त्यो," ते नंतर मला म्हणाले, "त्यो पुसला असता तर हुसेनबीनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं."

मग ती दर बाजाराला यायची. बनाबाई पायऱ्यांवर बसून तंबाखू मळायची, चाचा दारात उभे राहायचे आणि तानाबाई नकाशापुढे. टिळा लावायचा, आणि मग बोलायचं. म्हैस व्यालीय, रेडकू झालंय, पायाला अधू हाय. आत्याबाईंचं गुडघं धरल्यात. वरच्या शेतातल्या आंब्याला औंदा मोहर लई, पर तुम्हाला कुठला मिळतोय. असं काहीबाही, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. रुसायचीसुद्धा. एकदा म्हणाली, "येक दीस थांबला असता तर पलटन काय पळून जात हुती?" मी बाहेर पुस्तक उघडून बसायचो आणि एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही. मला माझी आई आठवायची. मी तिला पाठवलेलं पत्र गावात कोण वाचून दाखवत असेल, की ते तसंच गाडग्यात पडत असेल, असं वाटायचं. घरची इतकी ओढ लागायची की पुस्तक मिटून उठावं आणि चालत बिद्री गाठावी. लाज वाटायची म्हणून उठत नव्हतो.

पिराजीची कार्डं थांबली. मग बातमी आली की बसऱ्याच्या नदीच्या वरच्या अंगाला आपली फौज वेढ्यात सापडली, आणि काही महिन्यांनी ती शत्रूच्या हाती पडली. कोण मेला, कोण कैदेत, कुणालाच धड कळेना. पलटणीच्या कचेरीकडून कोडोलीला एवढाच निरोप आला की पिराजीचा पत्ता लागत नाही. चाचांनी त्या रविवारी पायऱ्यांवर कैसरच्या मिशीचं काही सांगितलं नाही.

"येतोय न्हवं, चाचा?" तानाबाई विचारायची.

"येतोय की."

पण भावकीचा धीर सुटला. माणसाचा पत्ता लागत नाही म्हणजे माणूस नाही, असा त्यांचा न्याय. असल्या बाईने कुंकू लावून चारचौघींत बसणं बरं नव्हे, अशी कुजबूज सुरू झाली. एका लग्नात ती हळद लावायला बसली, तर चुलतसासूने तिला सगळ्यांदेखत उठवलं. पुढच्या बाजाराला ती आली तेव्हा नकाशापुढे एक शब्द बोलली नाही. टिळा लावला आणि निघून गेली. 

अशात आमचे ग्रंथपाल नानासाहेब, स्वभावाने तापट पण मनाने वाईट नव्हेत, एका व्याख्यानासाठी नकाशा काढायला आत गेले आणि ओरडले, "हे काय! मस्कतला देवी आल्या काय?"

मी धावलो. तिची ती जागा म्हणून संकोचाने मी आजवर नकाशापाशी गेलो नव्हतो. वर्षाच्या वर साठलेल्या मेण-कुंकवाचा टिळा फुगून चांगला हरभऱ्याएवढा झाला होता. चाचा फडकं हातात घेऊन मागे उभे.

"साह्येब, कुठलं गाव म्हनालासा?"

"मस्कत! अरबस्तानातलं मस्कत!"

"बसरा न्हवं?"

नानासाहेब कपाळाला हात लावून निघून गेले आणि जाताना ते लाल पुसून टाकायला सांगून गेले. मी चाचांना बसरा दाखवलं. आखातात आत, पार वरच्या टोकाला. त्यांनी दोन गावांमधलं अंतर बोटांनी मोजलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजे पोरीचा टिळा पोचलाच न्हाय?"

मला हसूही आलं आणि रडूही. टिळा बसऱ्यावर लावला असता तर तो पोचला असता काय? शिवाय पिराजी तेव्हा बसऱ्यात नव्हताच, हे मला बातम्यांवरून कळत होतं. पण चाचांच्या तोंडाकडे पाहून मी गप्प राहिलो. त्यांनी पुसण्याचं सोंग केलं, फडकं नकाशावरून चारीकडे फिरवलं आणि तेवढी जागा सोडून दिली. नानासाहेबांना विचारलं तेव्हा म्हणाले, "मेनकुंकू हाय साह्येब, निगत न्हाय." हे मात्र खरं होतं.

आठवडाभर त्यांना जेवण गोड लागलं नाही, असं हुसेनबी सांगत होती. मी त्यांना म्हटलं, तिला काही सांगू नका. तिला मस्कत काय आणि बसरा काय, दोन्ही सारखीच. उगाच आहे तो आधार काढून घ्यायचा कशाला?

"मास्तर," ते म्हणाले, "तुमास्नी हत्तीचं पुस्तक दिलं, त्यात तुमचं काय ग्येलं? मार्क ग्येलं. हिचं तसं न्हाय."

रविवारी तानाबाई आली. चाचांनी तिला दारातच थांबवलं आणि सगळं सांगितलं. आपण इंग्रजी वाचत नाही, अंदाजाने बोट ठेवलं, ते गाव मस्कत निघालं, बसरा नव्हेच. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते, किल्ल्यांच्या जुडग्याकडे बघत होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता ही बाई रडेल, नाहीतर शिव्या घालेल. कोल्हापूरच्या मातीतली बाई, घातल्या असत्या तर पाच पिढ्यांचा उद्धार झाला असता.

ती नकाशापुढे जाऊन उभी राहिली. त्या लाल ठिपक्याकडे पाहिलं.

"मग तितं कुनाच्या तरी मालकाला लागलं असंल की," ती म्हणाली. "त्येची बी बायकू वाट बगत असंल. वाया न्हाय जायाचं, चाचा."

मग म्हणाली, "खरं बसरा दावा."

ते मी दाखवलं. तिला टाचा उंच कराव्या लागल्या. तिने तिथे मेण लावलं, कुंकू लावलं, आणि खाली येऊन मस्कतवरही लावलं. "ह्येला सवय झालीया," म्हणाली.

एवढं झाल्यावर ती मागे वळली आणि ज्यासाठी खरी आली होती ते तिने विचारलं. भावकी बसली होती. सरळ सांगितलं होतं की आता कुंकू पूस, बांगड्या फोड. नाहीतर घरादाराला तोंड दाखवायला जागा ठेवत नाहीस. सासूला हे मान्य नव्हतं, पण एकट्या म्हातारीचं कोण ऐकतो?

"चाचा, तुमच्या हितं येवडी पुस्तकं हायती. कपाटंच्या कपाटं. कुटंतरी लिवल्यालं असंल. बगून सांगा. मालक हायती का न्हाईत? तुमी सांगशीला तसं करते."

चाचांनी कपाटांकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी कपाटं, त्यांनीच पुसलेली. मी मनात म्हटलं, बोला चाचा, तुमचं नेहमीचं बोला. येतोय की, म्हणा. त्यांनी कमरेचा जुडगा मुठीत धरला.

"मला ठाऊक न्हाय, पोरी," ते म्हणाले.

"ह्या साऱ्या पुस्तकांत बी न्हाय?"

"न्हाय. कुनालाच ठाऊक न्हाय."

बाहेर बाजाराचा गलका चालू होता. तानाबाईने पदर डोक्यावर सारखा केला.

"म्हंजे, ग्येलं असं बी कुटं लिवल्यालं न्हाय."

"न्हाय."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि गेली.

पुढचं बनाबाईने आम्हाला सांगितलं. तानाबाई गाडीतून उतरली ती थेट भावकीपुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, "कालेजाच्या लायबरीत ठाऊक न्हाय, आन् तुमास्नी ठाऊक?" एवढ्या पुस्तकांना जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे, असं म्हणणारा शहाणा कोडोलीत निघाला नाही. तिचं कुंकू राहिलं. पुढे गावात ती म्हणच पडली. कुणी फार शहाणपणा करू लागला की म्हणायचे, "लायबरीत ठाऊक न्हाय आन् ह्येला ठाऊक!"

मी परीक्षा पास झालो आणि कोल्हापुरातच एका शाळेत मास्तर झालो. रविवारी ग्रंथालयात जायची सवय सुटली नाही. तानाबाई येतच होती. चाचा आता पायऱ्यांवर मी वाचलं तेवढंच सांगत. लोकांना ते फारसं आवडत नसे, कारण मिशीची मजा गेली होती. आणि तानाबाई "येतोय न्हवं?" विचारीनाशी झाली होती. दोन टिळे लावायची, घरचं सांगायची आणि वीत टाकून बघायची. बसऱ्यापर्यंत वीत पुरत नसे.

मग युद्ध संपत आलं आणि इन्फ्लुएंझाची ती साथ आली. दिवाळीच्या तोंडावर घराघरात ताप. सकाळी शेतात गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी नसायचा. शाळा बंद, कॉलेज बंद, बाजार बंद. साथ ओसरल्यावर पहिला बाजार भरला, त्या दिवशी बनाबाई एकटी आली. पायरीवर बसली. तंबाखू काढली आणि मळायची विसरली.

"ग्येली," म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. तीन दिवसांच्या तापात गेली. आणि मढं अंगणात असतानाच भावकीत वाद लागला की लुगडं कोणतं नेसवायचं. सवाष्णीचं हिरवं की रांडमुंडीचं पांढरं? कपाळाला मळवट भरायचा की कोरं ठेवायचं? ज्यांनी जिवंतपणी तिचं कुंकू राहू दिलं होतं, त्यांनाही चितेवर ते चालेना. खोटं लेणं लेवून वर गेली तर पाप लागेल, म्हणाले. तेव्हा सासू गुडघे धरून उठली. "लायबरीत ठाऊक न्हाय," म्हणाली, "तर तुमास्नी कसं ठाऊक? हिरवं आना." आणि स्वतःच्या हाताने तिने सुनेचा मळवट भरला, नथ घातली. मोत्यासकट.

चाचा उठून आत गेले. मी मागोमाग गेलो नाही. मला स्वतःलाच धड बघवत नव्हतं. तिचा माझा काय संबंध होता? कधी दोन वाक्यांपलीकडे बोललो नव्हतो. पण त्या दिवशी बोर्डिंगच्या जुन्या वाटेने चालताना मला हुंदका आला आणि मी तो आवरला नाही. वाट बघायची ती बघितली, आणि ती संपायच्या आधी आपणच संपली, हे मला कितीतरी दिवस सहन होत नव्हतं.

नकाशापुढे आता कुणी उभं राहत नव्हतं. चाचा तो पुसायचे, ते दोन ठिपके सोडून.

लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात, बाजाराच्याच दिवशी, एक माणूस पायऱ्यांशी आला. अंगावर पलटणीचा विटलेला कोट, आत माणूस नावापुरता. पाय ओढत होता. वयाने तरुण असावा, पण तोंडावरून ते सांगता येत नव्हतं.

"हितं नकाशा हाय म्हनं," तो म्हणाला.

"कुटलं गाव, पावनं?" चाचांनी विचारलं.

"कोडोली."

चाचा उठले आणि उगाचच पटका सारखा करू लागले. "पिराजी?" ते म्हणाले. त्याने मान हलवली.

आम्ही त्याला आत नेलं. तो नकाशापुढे उभा राहिला. त्याला सगळं गावात कळलं होतं, बनाबाईने सांगितलं होतं. तो नकाशाच्या आणखी जवळ सरकला. मग खालच्या, मोठ्या ठिपक्याकडे बोट करून म्हणाला, "ह्ये कुटलं?"

"मस्कत."

"म्या हितं कवाच ग्येलो न्हाय."

"ठाऊक हाय. माझी चूक हाय ती."

"आनि ह्ये वरचं?"

"बसरा."

"हितं बोटीतनं उतरलो. लई दीस न्हवतो." त्याने हात उचलून पार वर, तुर्कांच्या डोंगरांत कुठेतरी फिरवला. "कैदेत हुतो. हिकडं. सडक खनायला." त्या जागी नकाशा कोरा, पिवळट होता. "हितं काय लावल्यालं न्हाय."

"न्हाय बाबा," चाचा म्हणाले. "आमास्नी ठाऊक न्हवतं."

मग आमच्याकडे पाठ ठेवूनच त्याने विचारलं, "म्या येनार, असं तिला वाटत हुतं का? का निस्तं आपलं..."

"ह्ये मला ठाऊक हाय," चाचा म्हणाले. "वाटत हुतं."

"पंचमीला म्हायेरी ग्येलती," तो म्हणाला. "येक दीस थांबलो असतो, तर टिळा लावूनच निघालो असतो." आणि मग तो वाकला, आणि त्या खालच्या ठिपक्यावर, मस्कतवर, त्याने कपाळ टेकवलं. तिथे तो कधी गेलाच नव्हता, पण तिचा हात सगळ्यांत जास्त तिथेच लागला होता. उकाड्याने मेण मऊ झालं होतं. तो बाजूला झाला तेव्हा त्याच्या कपाळावर लाल उमटलं होतं, वाकडंतिकडं, पण दिसेल असं.

चाचांनी त्याला गाडीपर्यंत पोचवलं. मी पायरीवर उभा होतो. बाजार भर उन्हात ओसंडत होता, गाड्या सुटत होत्या. कोडोलीच्या गाडीत बसल्यावर त्याने पटका सोडला आणि पुन्हा बांधला, जरा मागे सारून, टिळा झाकला जाऊ नये म्हणून.